हेही पाहा: मागची खोली

१

लतिका सामंत नेमकं काय काम करते, हे तिच्या सासरच्या मंडळींना लग्नाला इतकी वर्षं होऊनही कळलेलं नव्हतं. “कॉम्प्युटरवर काहीतरी लिहिते,” एवढ्यावर सगळ्यांनी समाधान मानलं होतं. खरं तर त्यात न कळण्यासारखं काही नव्हतं. कॉम्प्युटरची जी मूळ यंत्रणा असते, ऑपरेटिंग सिस्टिम, तिच्यात ढीगभर आज्ञा असतात आणि प्रत्येक आज्ञेचं एक माहितीचं पान असतं. त्याला मॅन पेज म्हणतात. बोळिंजला चौथ्या मजल्यावरच्या आपल्या फ्लॅटमध्ये बसून लतिका अशी पानं लिहायची.

या पानांची शिस्त मोठी कडक. आधी नाव, आणि नावापुढे एका ओळीत ती गोष्ट काय करते ते. मग वापर, मग वर्णन, मग उदाहरणं, मग माहीत असलेले दोष. आणि सगळ्यात शेवटी ‘हेही पाहा’, म्हणजे जवळच्या दुसऱ्या पानांची नावं. हा क्रम हलवायचा नाही. कौतुक करायचं नाही, ‘कदाचित’ म्हणायचं नाही, जे आहे तेवढंच सांगायचं. आणि ‘हेही पाहा’मध्ये ज्याचं नाव घ्याल ते पान असलंच पाहिजे. नसेल तर एकतर नाव काढा, नाहीतर पान लिहा. नव्याने आलेल्या पोरापोरींना लतिका यावरून अशी झापायची की बिचारी दोन दिवस तिच्याशी बोलत नसत.

तिचे सासरे श्रीरंग सामंत, म्हणजे अप्पा, गोदीत क्रेन चालवायचे. रिटायर झाले, बायको गेली आणि मग हळूहळू त्यांची आठवण विरायला लागली. गॅस उघडून ठेवायचा आणि लायटर शोधत गॅलरीत जायचं, असे प्रकार सुरू झाले. सुमेध, लतिकाचा नवरा, सकाळी कामाला जायचा तो संध्याकाळीच उगवायचा. घरात दिवसभर ही दोघंच. शेवटी लतिकाने काय करावं? तिला जे येत होतं तेच केलं. घरातल्या एकेका वस्तूचं पान लिहिलं, मोठ्या अक्षरात छापलं आणि त्या त्या वस्तूशेजारी टेपने चिकटवलं. गीझर, गॅस, फ्रिज, नळ, बाथरूमचं दार, झाडून सगळं. अप्पा सगळी दारं सताड उघडी टाकायचे, म्हणून दार असलेल्या प्रत्येक वस्तूच्या पानावर शेवटची ओळ ठरलेली: ‘दार लावून घ्यावे.’ चपलांच्या रॅकवर: ‘दारात चप्पल दिसल्यास उचलून इथे ठेवावी.’

आणि काय सांगावं, जमलं की! आयुष्यभर क्रेनच्या केबिनमधल्या सूचना वाचून काम केलेला माणूस तो. पानासमोर उभा राहायचा, ओळीवर बोट ठेवून मोठ्याने वाचायचा आणि लिहिलंय तसं करायचा. एक शब्द कमी नाही, एक शब्द जास्त नाही. लतिकाला त्यांचं फार कौतुक वाटायचं. माया होती तिची त्यांच्यावर, उगीच दाखवण्यापुरती नव्हती.

२

एका सकाळी अप्पा गीझरचं पान वाचत होते आणि लतिका ओट्याशी चहा गाळत होती.

“हेही पाहा,” अप्पांचा आवाज आला. “नळ. बादली. मागची खोली.”

लतिकाने गाळणं खाली ठेवलं. “काय म्हणालात अप्पा?”

“मागची खोली,” अप्पा म्हणाले. “कुठे आहे गं ती?”

ती जाऊन बघते तर खरंच लिहिलेलं होतं. तिचाच टाइप, तिचीच शाई, तिच्याच हाताने चिकटवलेला कागद. घरात हॉल, किचन आणि दोन बेडरूम. दोन बेडरूमच्या मधून जाणाऱ्या पॅसेजच्या टोकाला कोरी भिंत, आणि भिंतीपलीकडे चौथ्या मजल्याची मोकळी हवा. मागची खोली असणार कुठे?

तिने लॅपटॉप उघडला. फाइलमध्येही ते शब्द होते. बरं, झालं असेल काहीतरी. ऑफिसची पानं आणि घरची पानं एकाच साच्यातून काढतो आपण, कुठलं तरी काहीतरी चिकटलं असेल. तिने शब्द काढले, पान नव्याने छापलं, चिकटवलं आणि स्वतःवरच चरफडत कामाला बसली. दुसऱ्याची असली चूक तिने खपवून घेतली नसती.

दुसऱ्या दिवशी गॅसच्या पानावर होतं: ‘हेही पाहा: लायटर, खिडकी, मागची खोली.’ फ्रिजवर होतं. मुख्य दारावर होतं. आणि गीझरवर पुन्हा होतं.

३

लतिका नावं खोडत राहिली, नावं परत येत राहिली. पण खरी पंचाईत तिची नव्हती, अप्पांची होती. ‘हेही पाहा’ म्हटलं की अप्पा पाहून यायचे. नळ पाहायचे, बादली पाहायचे आणि मग मागची खोली शोधत घरभर फिरायचे. पॅसेजच्या टोकाला जाऊन भिंत थोपटायचे.

दुपारी अप्पांच्या सोबतीला जवळच्या नंदाखाल गावच्या ग्लोरियामावशी येत. माहेर सांडोरचं, त्यामुळे पिशवीत बऱ्याचदा माहेरच्या वाडीतली केळी असायची. त्या एकदा लतिकाला बाजूला घेऊन म्हणाल्या, “बाय, त्या भिंतीजवल त्यांना जाऊ देऊ नको. मला नाय आवडत ती जागा.”

“का हो मावशी?”

“का ते नाय सांगता येत. मी झाडू मारते ना तिथं, तर पाठीमागं कोन उभं हाय असं वाटतं. आनि पाठीमागं तर तुझा हॉल हाय.” त्यांनी गळ्यातला क्रूस चाचपला आणि केळी सोलायला घेतली.

त्याच आठवड्यात अप्पा घराबाहेर पडले. लतिका आंघोळीला गेली तेवढ्यात दार उघडून, दार नीट लावून घेऊन, रिक्षात बसून थेट नालासोपाऱ्याला, तुळिंजच्या बाजारात. एका भांड्यांच्या दुकानाच्या पायरीवर सापडले. येणाऱ्याजाणाऱ्याला विचारत होते, “मागची खोली कुठल्या बाजूला?”

संध्याकाळी सुमेधने डोकं धरलं. त्याच्या बहिणीने, उन्नतीने, शहापूरकडे म्हाताऱ्या माणसांचं एक केंद्र बघून ठेवलेलं होतं.

“अजून एकदा असं झालं ना लतिका, तर मी उन्नतीला फोन करणार. माझ्यात ताकद नाही आता.”

“नको रे. तिथे कोण त्यांना पानं लिहून देणार आहे? महिन्याभरात संपतील ते.”

“आणि इथे गाडीखाली आले तर?”

अप्पा समोरच बसले होते, दोघांची तोंडं आळीपाळीने बघत. आपलंच काहीतरी चाललंय एवढं त्यांना कळत होतं. लतिकाने मनाशी ठरवलं, यांना कुठेही जाऊ द्यायचं नाही.

४

नाव निघत नसेल तर पान लिहा. तिचाच नियम होता तो.

तिने गॅलरीतली वेताची खुर्ची आणून पॅसेजच्या टोकाला ठेवली. बसायची एक जागा झाली की नाही? झाली. तिला मागची खोली म्हणायचं. कुणाच्या बापाचं काय जातं? मग तिने पान लिहिलं:

‘नाव: मागची खोली – निवांत बसण्याची जागा. वापर: आत जावे. बसावे. वर्णन: ही खोली पॅसेजच्या टोकाला आहे.’

उठून बाहेर कसं यायचं ते लिहिलं नाही. खुर्चीवरून उठायचं कसं, हे कोणी लिहितं का? दार नाही, कडी नाही, त्यामुळे ठरलेली शेवटची ओळही लागली नाही. पान तिने भिंतीवर डोळ्यांच्या उंचीवर चिकटवलं आणि चारी कडांना टेप लावली.

आणि अप्पा शांत झाले हो! गीझरचं पान वाचायचे, नळ पाहायचे, बादली पाहायचे, पॅसेजमध्ये जाऊन खुर्चीत बसायचे. शोधणं थांबलं, दाराशी जाणं थांबलं. सुमेध लतिकाला म्हणाला, “तू ग्रेट आहेस बाई.” आणि तीही जरा फुगली, खोटं कशाला बोला.

फक्त एक होतं. खुर्ची ती हॉलकडे तोंड करून ठेवायची आणि अप्पा ती फिरवून भिंतीकडे तोंड करून बसायचे.

“भिंत काय बघताय अप्पा? इकडे बसा, टीव्ही दिसेल.”

“असू दे गं. इथे वारा बरा येतो.”

बंद पॅसेज, पंखा नाही, खिडकी नाही. पण त्यांच्या कपाळावरचे पांढरे केस हलत होते, ते लतिकाने आपल्या डोळ्यांनी पाहिलं. तिने त्यांना चहाला उठवलं आणि ते दुसऱ्या खोलीत गेल्यावर भिंतीला कान लावला.

आत कुणीतरी वाचत होतं.

शब्द कळत नव्हते. पण वाचायची ती रीत तिच्या ओळखीची होती: एक शब्द, मग थांबणं, कागदावरून बोट सरकल्याचा खर्र आवाज आणि मग पुढचा शब्द. अप्पा तर हॉलमध्ये बशीत चहा ओतत होते.

ती तडक खाली पार्किंगमध्ये गेली आणि मान वर करून इमारतीची मागची बाजू बघितली. सपाट भिंत, सांडपाण्याचा पाइप, तिसऱ्या मजल्यावाल्यांचा एसी. वर येताना लिफ्टमध्ये तिने स्वतःला समजावलं की पाइपमधून आवाज येतात. पाइपमधून काहीही आवाज येतात. त्या दिवशी लिफ्टचं जाळीचं दार कुणीतरी उघडं टाकलं होतं आणि ‘कृपया दरवाजा बंद करें’ ही लिफ्टमधली रेकॉर्ड दिवसभर जिन्यात ऐकू येत राहिली.

५

त्या शुक्रवारी ग्लोरियामावशींच्या गावात लग्न होतं, म्हणून त्या येणार नव्हत्या. दुपारची जेवणं झाली. अप्पा पॅसेजमध्ये जाऊन बसले. लतिकाने मुख्य दाराला आतून कुलूप लावलं, किल्ली गाऊनच्या खिशात टाकली आणि ऑफिसच्या मीटिंगसाठी कानात हेडफोन घातले.

मीटिंग संपल्यावर तिने पॅसेजमध्ये डोकावलं. अप्पा नव्हते. खुर्चीही नव्हती.

बेडरूम, बाथरूम, गॅलरी, किचन, पलंगाखाली. कुलूप जसंच्या तसं, किल्ली खिशात. “अप्पा!” ती ओरडली. आपलाच आवाज तिला परका वाटला.

“इथे आहे गं,” उत्तर आलं. भिंतीमागून.

ती पॅसेजच्या टोकाला गेली. पान भिंतीवर होतं. आणि पानाच्या उजव्या बाजूला, भिंतीच्याच क्रीम रंगाचं एक दार किलकिलं होतं, तळहात जाईल एवढी उभी फट. फटीतून गार वारा येत होता. आपल्याला ताप आलाय, आपण झोपेत आहोत, असं काहीही ती त्या क्षणी मानायला तयार होती. पण फट तिथेच होती.

“अप्पा, उठा आणि बाहेर या. आत्ताच्या आत्ता.”

“पुढे काय लिहिलंय गं?” अप्पा म्हणाले. “आत जावे, गेलो. बसावे, बसलो. पुढे काही लिहिलेलंच नाही.”

“मी सांगतेय ना! उठा!”

“लिहिलेलं नाही,” अप्पा म्हणाले, आणि त्यांचा आवाज रडवेला झाला. “मी कधीचा बसलोय लतिका.”

तिने धावत पेन आणलं आणि भिंतीवरच्या पानावर लिहिलं: ‘उठावे. बाहेर यावे.’

“आता वाचा!”

आतून बोट सरकल्याचा खर्र आवाज आला. “इथल्या पानावर ते नाही गं.”

सुमेधला फोन करावा हे तिला सुचलं नाही असं नाही. फोन हातात घेतलाही होता. पण सुमेध यायला दोन तास, आणि आल्यावर तो उन्नतीला फोन करणार, हेही तिला दिसत होतं. आत म्हातारा माणूस रडत होता, तिने लिहिलेल्या अर्धवट पानापायी. तिने फोन ठेवला, दार जरा ओढलं, पायातली चप्पल काढून फटीत नीट अडकवली, दार मिटू नये म्हणून, आणि अंग चोरून आत गेली.

६

आत अंधार होता, पण फटीतून येणाऱ्या उजेडात अप्पा दिसत होते. भिंतीसमोर, वेताच्या खुर्चीत, दोन्ही हात मांडीवर. भिंतीवर तिचंच पान. तोच टाइप, चारी कडांना टेप. फक्त तिने बाहेर पेनने लिहिलेलं यावर नव्हतं.

खोली मागे किती लांब आहे ते कळत नव्हतं. थोड्या अंतरावर दुसऱ्या एका खुर्चीचा हात टेकायचा लाकडी दांडा दिसत होता. दांड्यावर एक हात होता, आणि त्या हाताचं बोट लाकडावरून सावकाश पुढे जात होतं, ओळ वाचताना जातं तसं. खर्र. थांबणं. खर्र. हाताच्या वर काय आहे ते लतिकाने पाहिलं नाही. तिने पाहायचंच नाही असं ठरवलं आणि पान हाताने दाबून धरून लिहायला लागली. इतकी घाबरली होती की काय लिहायचं याचा विचारच केला नाही. हात आपला सवयीने चालला.

‘उठावे. बाहेर जावे. दार लावून घ्यावे.’

“वाचा अप्पा. लवकर वाचा.”

अप्पांनी बोट ठेवलं. “उठावे,” त्यांनी वाचलं, आणि किती सुटल्यासारखे उठले! “बाहेर जावे.” फटीकडे गेले, दार ढकललं, पॅसेजमध्ये पाऊल टाकलं. लतिका त्यांच्या मागेच निघाली होती. पण मागे तिचा गाऊन कशाला तरी अडकला, खुर्ची असेल, टोक असेल, आणि तो सोडवायला ती क्षणभर वळली.

“अगं, दारात चप्पल!” अप्पा म्हणाले. वाकले, चप्पल उचलली.

“अप्पा, नको! थांबा, दार…”

“दार लावून घ्यावे,” अप्पा म्हणाले, आणि नीट लावून घेतलं.

७

ती किती वेळ भिंत बडवत होती तिला कळलं नाही. दार नव्हतं. बोटांना फक्त भिंत लागत होती, गार, सलग. तिने पानावर पुन्हा पुन्हा लिहिलं, अंधारात, आधीच्या ओळींवरच. स्वतःच मोठ्याने वाचलं. उठावे, बाहेर जावे. काही झालं नाही. पलीकडून अप्पांच्या चालण्याचा आवाज येत होता, चप्पल रॅकवर ठेवल्याचा आवाज आला, घरच्या घड्याळाचा, खालच्या मजल्यावरच्या कुकरच्या शिट्टीचा. तिला सगळं ऐकू येत होतं. तिचं कुणाला ऐकू जात नव्हतं.

मग कुलपात सुमेधची किल्ली फिरली.

“लतिका? अप्पा, लतिका कुठे आहे?”

“मागच्या खोलीत.”

“कुठल्या?”

दोघांची पावलं पॅसेजमध्ये आली. अगदी तिच्या तोंडासमोर. तिने जीव खाऊन हाक मारली. सुमेध, मी इथे आहे, सुमेध!

“अप्पा, इथे भिंत आहे,” सुमेध म्हणाला. फार दमलेला वाटला. “फोन इथेच टाकून कुठे गेली ही? आणि खुर्ची कुठेय? काय केलंत तुम्ही?”

“ती आत आहे. मला लिहून दिलं तिने. आत जावे, बसावे, हे बघ ना, वाच.”

“बस झालं आता.”

“काढू नकोस! अरे, काढू नकोस ते!”

“तीच म्हणते ना अप्पा, जे नाही त्याचं पान ठेवायचं नाही,” सुमेध म्हणाला.

टेप निघायला लागली. एक कड, दुसरी कड. लतिकाने आतल्या पानावर दोन्ही तळहात दाबून धरले. तिसरी. चौथी. कागद चुरगळल्याचा आवाज आला. तिच्या पाठीवर लागणारा तो गार वारा थांबला आणि तिच्या हाताखालचं पान कोरं गुळगुळीत झालं. पेनच्या दाबाचे वळसुद्धा राहिले नाहीत.

तो शेजाऱ्यांकडे जाऊन आला, वॉचमनकडे जाऊन आला. मग हॉलमधून त्याचा आवाज आला, फोनवर, हळू. “उन्नती, लतिका सापडत नाहीये. पोलिसांत जातोय मी. अप्पा काहीही बोलताहेत, त्यांना एकटं कसं ठेवू? त्या केंद्राचा नंबर दे.”

आता ती कुठे आहे हे जगात एकाच माणसाला माहीत होतं. आणि तो माणूस विसरणारा होता. पण वाचणारा होता! लतिका कान देऊन बसली, कधी बसली तेही तिला समजलं नाही. तिच्या मागे बोट लाकडावरून सरकत होतं, आता बरंच जवळ. तिने तिकडे लक्ष दिलं नाही. बाथरूमचा दिवा लागल्याची टिकटिक तिला ऐकू आली, आणि अप्पांचा आवाज, ओळीओळीने. गीझर. वापर. वर्णन. प्रत्येक शब्दाला ती मान हलवत होती. त्यांना फक्त शेवटपर्यंत पोचायचं होतं.

“हेही पाहा,” अप्पांनी वाचलं. “नळ. बादली.”

ती थांबली. अप्पाही थांबले. त्यांचं बोट कागदावर पुढे सरकल्याचा आवाज आला, मग परत मागे, पुन्हा पुढे.

“नळ. बादली,” अप्पा म्हणाले. “एवढंच आहे.”

आणि ते नळ बघायला गेले.